करवंदाची जाळी दारात लावताना

मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात करवंदांचे द्रोण घेऊन बायका बसतात. मी पाच-सहा जणींकडचं एकेक करवंद चाखते आणि मगच द्रोण उचलते. खायला तर हवीतच, पण मला त्यातलं बी हवं असतं. गर जाड, बी कमी आणि पिकल्यावर घशाला तुरटपणा न लावणारं फळ मिळालं की त्या दिवसाचा बाजार झाला म्हणायचा.

पेडण्याकडच्या आमच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ माळावर, पूर्वी जाळ्याच जाळ्या होत्या. करवंद कोणी दारात लावतं का, असंच तेव्हा वाटायचं. आता सड्याचे प्लॉट पडले, जाळ्या जेसीबीखाली गेल्या. म्हणून बारा वर्षांपूर्वी मी गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेने करवंद लावायला घेतलं. आज नऊ जाळ्या आहेत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बी ताजं हवं. पहिल्या वर्षी मी बी सुकवून, डब्यात भरून पुढच्या मृगासाठी ठेवलं होतं. त्यातलं एकही उगवलं नाही. आता फळं पाण्यात कुस्करते, बी गाळणीत चोळून बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुते, एक दिवस सावलीत पसरते आणि दुसऱ्या दिवशी पेरते. तांबडी माती, जुनं शेणखत आणि रेती सारखी घेऊन पिशव्या भरायच्या, बी अर्धा इंच खाली टाकायचं. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात. तोवर पाऊस येतो, आणि खरी काळजी तेव्हा घ्यायची. एका वर्षी मी पिशव्या वळचणीला ठेवल्या. पागोळ्यांनी माती उडाली, रोपं मुळासकट बाहेर आली. पिशव्या उजेडात ठेवा, पण पागोळीपासून हातभर आत.

एकाच द्रोणातल्या बियांची दोन झाडं सारखी निघत नाहीत. म्हणून दहा-बारा रोपं करा. बियांची वाट बघायची नसेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळाची जात आहे, तिचं कलम लावा.

रोप वर्षभर पिशवीत राहू द्यावं आणि पुढच्या मृगात जमिनीत लावावं. जागा निवडताना दोन गोष्टी बघा, ऊन आणि पाण्याचा निचरा. सावलीत जाळी नुसती उंच होते, फळ धरत नाही. जांभ्याच्या खडकाळ जमिनीला घाबरू नका, करवंद वाढतंच तिथे. मात्र खाली सलग कातळ असेल तर खड्ड्यात पाणी तुंबून मूळ कुजतं. दीड फूट खणा, एक बादली पाणी ओता. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर ती जागा सोडा. कुंपणासाठी तीन-तीन फुटांवर लावा, सुटी जाळी हवी असेल तर सहा-सात फूट मोकळे ठेवा. मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर अजिबात नको, काटा दुहेरी आणि कडक असतो. खड्ड्यात एक घमेलं शेणखत पुरे. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा पाणी द्या, बुंध्याशी फणसाची सुकी पानं घाला. तिसऱ्या वर्षापासून मी पाणी देतच नाही. बियांच्या रोपाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी पहिली फळं लागतात.

छाटणीची वेळ चुकवू नका. आमच्याकडे एकदा जत्रेला पाहुणे येणार म्हणून डिसेंबरात कामाच्या माणसाने कुंपण कापून सरळ केलं. मी घरी नव्हते. करवंदाचा मोहर फांदीच्या टोकाला येतो, आणि टोकं तर सगळी कोयत्याखाली गेली होती. त्या वर्षी मोगऱ्यासारखा तो वास नाही की एक फळ नाही. छाटणी करायची ती फळं संपली की लगेच, जूनमध्ये. आतल्या सुक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा म्हणजे पुढच्या वर्षी हात आत जाईल.

तोडायला जाताना बोटांना खोबरेल तेल लावा. देठ तुटला की पांढऱ्या चिकाचा थेंब टपकन येतो, बोटांना चिकटून काळा पडतो आणि साबणाने जात नाही. हा थेंबच फळाची पारख करतो. लोणच्याच्या हिरव्या करवंदाला तो भरपूर येतो. पिकलेलं काळं करवंद नुसत्या स्पर्शाने सुटतं, त्याला चीक जेमतेम दिसतो. लालसर तोडलेलं घरात ठेवून काळं होईल, पण जाळीवर पिकल्याची गोडी त्याला येत नाही.

तुमच्या जाळ्यांपैकी सगळ्यात गोड कुठली ते दोन हंगामांत कळेल. तिच्या गुट्या बांधा, जुलैत. पेन्सिलीएवढ्या फांदीची इंचभर साल गोल काढा, चीक कापडाने टिपत राहा आणि वाहायचा थांबेपर्यंत थांबा. मग मुळं फुटायची पावडर लावून ओलं शेवाळ प्लास्टिकने घट्ट गुंडाळा. दोनेक महिन्यांनी प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसली की खालून कापून पिशवीत लावा. चीकामुळे सगळ्या गुट्या धरत नाहीत, माझ्या पाचांतल्या दोन धरतात. त्यामुळे एक झाड हवं असेल तरी पाच बांधा.