कालवड मुलांच्या हवाली करताना

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील ज्या घरात अजून दावणीला जनावर आहे, त्या घरातली मुले बहुधा शेण काढण्यापुरती, नाहीतर दुधाची किटली डेअरीवर पोहोचवण्यापुरती गोठ्यात येतात. म्हणजे त्यांच्या वाट्याला गोठ्यातले काम येते, जनावर येत नाही. ज्याने केवळ शेण काढले, त्याला पुढे बेळगावात किंवा पुण्यात नोकरी लागली की सुटल्यासारखे वाटणारच, आणि त्यात त्याचा दोष नाही. म्हणून पशुपालन पुढच्या पिढीला शिकवायचे असेल तर कामांची वाटणी न करता एक अख्खे जनावर, त्याच्या खाण्यापासून हिशेबापर्यंत, मुलाच्या किंवा मुलीच्या हवाली करावे.

हे जनावर दुभती गाय नसावे आणि बैल तर नसावाच. दहा-बारा वर्षांच्या मुलाला नुकतीच जन्मलेली कालवड किंवा रेडी, म्हणजे गायीचे किंवा म्हशीचे मादी वासरू, द्यावी, म्हणजे दोघे बरोबरीने वाढतात आणि अंगावर येणाऱ्या जनावराचा धोकाही राहत नाही. शक्यतो गाय व्याली त्या घटकेपासूनच मुलाला जवळ उभे करावे. नाळेला आयोडीन लावणे, नाका-तोंडातला चिकटा पुसणे आणि पहिल्या तासाभरात चीक, म्हणजे व्याल्यानंतरचे पहिले घट्ट दूध, पाजणे ही कामे मोठ्यांच्या देखरेखीखाली त्यानेच करावीत. पहिल्या दिवसाचा चीक वासराच्या वजनाच्या साधारण एक दशांश, म्हणजे पंचवीस किलोच्या वासराला अडीच लिटर, दोन-तीन वेळा विभागून द्यावा. आपल्याकडे खरवसाच्या मोहापायी वासराच्या तोंडचा चीक काढून घेण्याची खोड आहे. वासराचे पोट भरल्यावर उरेल त्याचाच खरवस करायचा, हा नियम मुलाने घरातल्या मोठ्यांनाही ऐकवला तर त्याला रागावू नये.

औषधांची नावे पाठ करून घेण्याआधी नजर तयार करावी. सकाळी गव्हाणीशी गेल्यावर रात्रीची वैरण किती उरली, नाकपुडी ओली आहे की कोरडी, कान गार पडलेत का, शेण पातळ आहे की गाठाळ, आणि जनावर निवांत बसून रवंथ करते आहे का, एवढे रोज पाहायला लावावे. आजोबा हे सगळे गोठ्याच्या दारातूनच ओळखतात, पण कसे ओळखले ते सांगत नाहीत, आणि शिकवण्यातली खरी अडचण तिथेच आहे. त्यांनी ‘आज हिचं काही बरं दिसत नाही’ एवढ्यावर न थांबता कशावरून ते बोलून दाखवावे. मग मुलाने थर्मामीटर लावावा. निरोगी गायीचे तापमान १०१ ते १०२ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते, आणि आजोबांचा अंदाज आकड्याशी जुळला की मुलाचा आजोबांवर आणि थर्मामीटरवर एकदमच विश्वास बसतो. वय दातांवरून ओळखणेही असेच हाताने शिकवावे: दुधाचे दात असेपर्यंत आदत, सुमारे अडीच वर्षांनी दोनदाती, मग चारदाती, सहादाती, आणि पाचेक वर्षांनी जुळलेले, म्हणजे सगळे पक्के दात आलेले. बाजारात फसवणूक होते ती हे न येणाऱ्याचीच.

वैरणीच्या बाबतीत आपला बेळगाव जिल्हा एकसारखा नाही, त्यामुळे दुसऱ्या तालुक्यातल्या पाव्हण्यांचा सल्ला जसाच्या तसा उचलू नये. चिकोडी-निपाणीकडे उसाचे वाढे, म्हणजे तोडणीनंतर उरणारे हिरवे शेंडे, फुकट मिळते म्हणून महिनोन् महिने तेच घातले जाते. परंतु वाढ्यातील ऑक्झालेट जनावराच्या अंगातले कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून त्याबरोबर दुसरी हिरवी वैरण आणि रोजचे खनिज मिश्रण चुकवू नये. खानापूरकडे भाताचे पिंजर (पेंढा) भरपूर, पण त्यात कस कमी. शंभर किलो पिंजराला चार किलो युरिया सुमारे पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा आणि ढीग दाबून, झाकून एकवीस दिवस हवाबंद ठेवावा; उघडल्यावर वास उडून जाईपर्यंत पसरून मगच घालावे, आणि सहा महिन्यांच्या आतील वासरांना ते देऊ नये. युरियाचे पाणी कालवताना मोठ्या माणसाने तिथून हलू नये, कारण ते चुकून जनावराने प्यायले तर जीवच जातो. अथणीकडच्या मुलांना एक गोष्ट आधी सांगावी: पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी आणि कापणीनंतरचे फुटवे विषारी असतात, तिथे जनावर सोडू नये.

कालवड मोठी झाली की वही सुरू करावी. माजाची (गाय फळायला तयार झाल्याची) तारीख, कृत्रिम रेतनाची तारीख, कोणत्या वळूचे रेतन, लसीकरण आणि जंताचे औषध एवढे त्यात आले पाहिजे. माज साधारण एकवीस दिवसांनी येतो. सकाळी दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे. म्हशीचा माज, त्यातही उन्हाळ्यात, मुका असतो, म्हणजे वरून लक्षणे दिसत नाहीत, आणि तो हेरणे ही खरी परीक्षा आहे. गाय सुमारे नऊ महिने दहा दिवस आणि म्हैस दहा महिने दहा दिवस गाभण राहते, आणि व्यायच्या आधी दोन महिने धार बंद करून तिला आटवावे लागते, हे गणित मुलाने कॅलेंडरवर स्वतः मांडावे. लाळ्या-खुरकूताची लस सहा महिन्यांनी, घटसर्प आणि फऱ्या या जनावरांच्या रोगांची पावसाळ्यापूर्वी, आणि ब्रुसेलोसिस या गाभ पाडणाऱ्या रोगाची फक्त मादी वासरांना चार ते आठ महिन्यांच्या वयात आयुष्यात एकदाच द्यायची असते.

इथे आपल्या भागातली एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. सरकारी पशुवैद्य आणि दवाखान्यातले कागद कन्नडमध्ये, तर घरची बोली मराठी. अशा वेळी मुलाने लाळ्या-खुरकूताला ‘कालु-बायी रोग’ आणि कासदाहाला, म्हणजे आपल्या दगडीला, ‘केच्चलु बावु’ म्हणतात हे वहीत दोन्ही भाषांत लिहून ठेवावे. भाषेचा वाद मोठ्यांनी आपल्या जागी करावा. ताप चढलेल्या म्हशीपुढे तो काही कामाचा नाही. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा क्रमांकही पहिल्याच पानावर असावा.

पैशाचा विषय टाळू नये. दूध अलीकडच्या संघाला घाला नाहीतर सीमेपलीकडच्या, फॅट आणि एसएनएफची (दुधातल्या फॅटखेरीज इतर घन पदार्थांची) पावती मुलाने स्वतः वाचावी आणि त्या गायीच्या दुधाचा ठरलेला वाटा, अगदी दहा टक्के का होईना, त्याच्या नावच्या बँक खात्यावर जावा. मात्र त्याच वहीत पेंडीचा, कडब्याचा आणि डॉक्टरांचा खर्चही उतरला पाहिजे. घरातल्या माणसांची मजुरी कोणीच धरत नाही, ती एकदा धरून पाहायला लावावी. आकडा कदाचित रुचणार नाही, पण तो लपवून मुलाला धंद्यात आणणे ही फसवणूक आहे. कर्नाटकात २०२१ च्या प्रारंभी लागू झालेल्या कायद्याने गोवंशाची कत्तल बंद आहे आणि तेरा वर्षांवरील म्हशींनाच त्यातून वगळले आहे, म्हणून भाकड गाय आणि पाडा यांना किती वर्षे पोसायचे हा प्रश्न हिशेबात धरूनच दावणीची संख्या ठरवावी. मादी वासरे जास्त मिळावीत म्हणून लिंगनिर्धारित रेतन मिळते, त्याची किंमत आणि फायदाही मुलालाच मांडायला सांगावा.

खिलारी, म्हणजे खिलार जातीच्या, बैलांबद्दल थोडे वेगळे बोलावे लागेल. ट्रॅक्टर आल्यावर नांगरटीपुरते बैल परवडत नाहीत. दावणीला खिलार राहिले ते मुख्यतः हौस आणि शर्यतीमुळे, आणि २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींचे राज्यांचे कायदे कायम ठेवल्यावर त्या हौसेला जोर आला. मुलाला शर्यतीचे वेड असेल तर त्याला आधी खोंडाला (तरुण बैलाला) तोंडाभोवतीची दोरी म्हणजे मोरकी घालणे, कासऱ्याने चालवणे आणि हलक्या कुळवाला जुंपणे शिकवावे, आणि ते जाणत्या माणसाच्या सोबतीशिवाय कधीही नाही. ज्येष्ठ पौर्णिमेच्या कर्नाटकी बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, शिंगे रंगवण्याचे काम मुलांना हमखास मिळते. त्याच दिवशी खांद्याला जू घासून घट्टे पडलेत का, खूर वाढलेत का, हेही त्यांच्याकडूनच तपासून घ्यावे.

दहावी-बारावीच्या वर्षी जनावर तात्पुरते दुसऱ्याच्या हवाली करण्याची मुभा मुलाला पहिल्याच दिवशी देऊन ठेवावी, आणि त्या काळात वहीतल्या नोंदी ज्याने जनावर सांभाळले त्याने, मग ते आजोबा असले तरी, त्याच पद्धतीने भराव्यात. परीक्षा संपल्यावर वही मागायला मुलगा स्वतः येतो की नाही, हे मात्र त्याच्यावर सोडावे.