मिंट जुलेप घरी करायचंय? पुदिना चेचू नका

मे महिन्यात परभणीत संध्याकाळचे सात वाजले तरी गच्चीची फरशी पाय टेकू देत नाही, अशा दिवसात मी मिंट जुलेप करतो. हे ड्रिंक अमेरिकेतल्या केंटकीचं, तिथं लुईव्हिलला मेच्या पहिल्या शनिवारी डर्बीची घोड्यांची शर्यत असते, तिचं १९३८ पासूनचं अधिकृत ड्रिंक. नाव मात्र आपल्या ओळखीचं बघा, फारसीत गुलाब म्हणजे गुलाबपाणी, त्याचं अरबीत जुलाब झालं आणि तिकडं युरोपात जाऊन जुलेप.

एका पेल्याला बर्बन (अमेरिकन व्हिस्की) ६० मिली, पुदिन्याची ८-१० पानं, साखरेचा पाक १५ मिली. पाक म्हणजे साखर आणि पाणी सारखं घेऊन विरघळवायचं, तार वगैरे काही नको. बर्बन मक्याची असते, निदान ५१ टक्के मका लागतो, म्हणून गोडसर लागते. धुरकट वासाची स्कॉच अजिबात घालू नका, पुदिन्याशी जमत नाही तिचं.

पेला स्टीलचा घ्या, काच नको, आणि अर्धा तास फ्रीजरमधे ठेवा. आता पुदिना. सगळे इथंच चुकतात, चटणीला चेचावा तसा चेचतात आणि मग कडू झालं म्हणतात. पानं पेल्यात टाकून वर पाक घालायचा आणि चमच्याच्या पाठीनं चार-पाच वेळा नुसतं दाबायचं, वास वर आला की थांबा, पान फाटायला नको. मग बर्बन ओता.

बर्फ घरचाच, फिल्टरच्या पाण्याचा. लादीचा नको, तो पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. स्वच्छ फडक्यात बांधून वरवंट्यानं हरभऱ्याएवढा फोडा, सुटलेलं पाणी काढून टाका. अर्धा पेला भरून हलवत राहा, हळूहळू बाहेरून स्टीलवर पांढरी साय धरल्यासारखं दिसायला लागतं, आपल्याकडची हवा कोरडी त्यामुळं जरा वेळ लागतो, धीर धरा आणि पेला काठाला धरा, हाताच्या उबेनं ते जातं. मग वर बर्फाचा ढीग करा, गोळ्यासारखा.

शेवटी पुदिन्याची काडी तळहातावर एकदा आपटून बर्फात खोचा आणि तिला चिकटूनच आखूड स्ट्रॉ लावा, म्हणजे प्रत्येक घोटाला नाक पुदिन्यात जातं. पहिले घोट कडक लागतील, घाई करू नका, बर्फ वितळेल तसं ते मऊ होत जातं.