जुनं वेबपान आजच्या एचटीएमएलमध्ये आणताना

एचटीएमएल म्हणजे वेबपानं लिहायची भाषा. १९९७ च्या एचटीएमएल ४ नंतर २००० मध्ये तिचं काटेकोर रूप, एक्सएचटीएमएल, आलं, २०१४ मध्ये एचटीएमएल ५ ची मानक म्हणून शिफारस झाली. आता आवृत्त्यांचे आकडे मागे पडले. मानक सतत सुधारत राहतं. त्यामुळे जुनं पान एकदाच नीट बसवून घेणं फायद्याचं.

पहिल्याच ओळीत डॉकटाइप, म्हणजे पान एचटीएमएलचं आहे हे सांगणारी घोषणा, लिहा. ते नसेल तर ब्राउझर जुन्या सवयीच्या मोडमध्ये जातो आणि रुंदीची गणितं चुकतात. लगेच खाली यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनाची घोषणा करा; ती पहिल्या १०२४ बाइट्समध्येच हवी, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन-चिन्हं दिसू शकतात. मोबाइलच्या पडद्यानुसार पानाची रुंदी ठरवणारा व्ह्यूपोर्टचा मेटा टॅगही (टॅग म्हणजे टोकदार कंसातली खूण) विसरू नका.

मग फॉन्ट आणि सेंटर हे टॅग काढून ते काम सीएसएसकडे, म्हणजे पानाचं दिसणं ठरवणाऱ्या भाषेकडे, द्या. मांडणीसाठीचे टेबल मोडा, पण खऱ्या आकडेवारीचे तसेच ठेवा. पानाच्या भागांसाठी हेडर, नॅव्ह, मेन, फूटर हे टॅग वापरा. दिसणारं मेन एकच असावं.

सर्वात फसवी चूक एक्सएचटीएमएलच्या सवयीतून येते: रिकामा डिव्ह (मजकुराचा गट करणारा साधा टॅग) शेवटी तिरकी रेघ देऊन बंद करणं. एचटीएमएल ती रेघ दुर्लक्षित करतं, डिव्ह उघडाच राहतो आणि पुढचा मजकूर त्यात शिरतो. वेगळा बंद टॅग लिहा.

क्लिकसाठी डिव्ह नको, बटन घ्या. कीबोर्डने ते आपोआप चालतं. पॉपअपसाठी डायलॉग टॅग आहेच, पूर्वी लागणारं बरंच जावास्क्रिप्ट त्यामुळे लिहावं लागत नाही. शेवटी पान व्हॅलिडेटरमधून, म्हणजे चुका शोधणाऱ्या साधनातून, काढा, आणि पहिली चूक आधी दुरुस्त करा. खालच्या अनेकदा त्यातूनच आलेल्या असतात.