कॉलेज मोठं म्हणून फुटबॉल मोठा? तसं काही नसतं

एमएसला टेक्सासला आलो तेव्हा अमेरिकन फुटबॉलबद्दल मला एवढंच माहीत होतं की तो पायाने कमी आणि हाताने जास्त खेळतात. ॲडमिशन आर्लिंग्टनच्या यूटीएला (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास ॲट आर्लिंग्टन), तिथे चाळीस हजाराच्या आसपास पोरं, त्यामुळे मी धरूनच चाललेलो की दर शनिवारी स्टेडियम फुल्ल असणार. पहिल्याच आठवड्यात रूमवरच्या सांगलीच्या सीनियरला विचारलं, मॅचची तिकिटं कुठे मिळतात रे. तो म्हणाला, अरे बाबा, इथे टीमच नाहीये. 1985 चा सीझन खेळले आणि बंद केली, माणसं बघायला येत नव्हती आणि तोटा वाढत चाललेला. कॅम्पसवर मॅव्हरिक स्टेडियम आहे, ते 1980 चं, म्हणजे बांधून पाच वर्षं होतात न होतात तोच टीम गेली.

आणि गंमत बघा, शेजारी फोर्ट वर्थला टीसीयू (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी), पोरांचा आकडा आमच्या एक तृतीयांशसुद्धा नाही, पण ते जानेवारी 2023 ला थेट नॅशनल चॅम्पियनशिपची फायनल खेळले. (जॉर्जियाने 65-7 असं धुतलं ते सोडा.) डॅलसचं एसएमयू (सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी) पण छोटंच, तरी 2024 ला त्याच चॅम्पियनशिपच्या प्लेऑफमध्ये. आणि यूटी डॅलस, एवढं मोठं, तिथेही फुटबॉल नाही.

मोठं कॉलेज म्हणजे मोठा फुटबॉल, हा घोळ आपल्या डोक्यात का होतो सांगतो. इथे हायस्कूलचा फुटबॉल खरंच पटसंख्येवर चालतो. टेक्सासमध्ये शाळांना 1ए ते 6ए असे गट पाडलेत, 6ए म्हणजे दोन हजाराच्या वर पोरांच्या शाळा, आणि खाली 1ए मध्ये इतक्या लहान शाळा की अकरा जण उभे करणंच अवघड, म्हणून सहा-सहा जणांचा फुटबॉल खेळतात, मैदानही लहान, 80 यार्डाचं. कुस्तीत वजनी गट असतात ना तसंच. माझ्या आतेबहिणीचा मुलगा फ्रिस्कोला शिकतो, त्यांच्या घरी हे गट तोंडपाठ, आणि त्यांनाही वाटायचं की कॉलेजला हेच पुढे चालू.

कॉलेजला वजन बघत नाहीत, तालीम कोण पोसतंय ते बघतात. मुंबई कोल्हापूरच्या कितीतरी पट मोठी, पण कुस्तीचं नाव कोल्हापूरचं, कारण शाहू महाराजांनी पैलवान सांभाळले. इथे तो खर्च कॉलेज, माजी विद्यार्थी आणि टीव्हीचा पैसा करतो.

कॉलेजांचे खेळ चालवणारी संस्था म्हणजे एनसीएए, तिने 1973 ला कॉलेजांचे तीन डिव्हिजन केले, वन सगळ्यात वरचा, 1978 ला फुटबॉलसाठी डिव्हिजन वनचेही दोन भाग केले, त्यांना आता एफबीएस (वरचा) आणि एफसीएस (खालचा) म्हणतात. फरक मुख्य स्कॉलरशिपचा. बरीच वर्षं एफबीएसला 85, एफसीएसला 63, डिव्हिजन टूला 36 अशी मर्यादा होती, आणि थ्रीला खेळासाठी एक पैसा नाही. 2025 च्या कोर्टातल्या सेटलमेंटनंतर वरच्या गटात हे बदललंय, ज्या कॉलेजांनी ती मान्य केली त्यांना आता स्कॉलरशिपची नाही तर 105 खेळाडूंची मर्यादा. एफबीएसमध्ये यायचं तर किमान 16 खेळ चालवावे लागतात आणि प्रवेश फी 50 लाख डॉलर, जी 2023 पर्यंत फक्त 5 हजार होती! पोरं किती शिकतात हे यात कुणी विचारतच नाही.

म्हणून ह्यूस्टनचं राईस, ग्रॅज्युएशनची जेमतेम चार-पाच हजार पोरं, तरी एफबीएसला. उलट एनवाययू (न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी) एवढं अवाढव्य पण फुटबॉल नाही. शिकागो युनिव्हर्सिटीचं तर मला सगळ्यात भारी वाटतं, बिग टेन ही कॉन्फरन्स (म्हणजे कॉलेजांची लीग) सुरू करणाऱ्यांपैकी एक, कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूला देतात ती हाइजमन ट्रॉफी, 1935 ची पहिलीच त्यांच्या जे बरवेंगरला, आणि 1939 ला सरळ टीम बंद! 1969 ला परत सुरू केली, आता डिव्हिजन थ्रीला निवांत खेळतात. थ्री म्हणजे टुकार असं मात्र समजू नका, ओहायोच्या माउंट युनियनला दोनेक हजार पोरं असतील, आणि 13 नॅशनल टायटल.

आता नव्याने येणाऱ्यांसाठी. नुसतं 'डिव्हिजन वन' वाचून फसू नका, आमचं यूटीएसुद्धा डिव्हिजन वनच आहे, बास्केटबॉलला. फुटबॉल आहे का आणि कुठल्या कॉन्फरन्सला, हे वेगळं बघा. आणि फीच्या पावतीत ॲथलेटिक्सची फी शोधा, बऱ्याच ठिकाणी ती सगळ्यांकडून घेतात, मॅच बघा नाहीतर नका बघू, मग निदान विद्यार्थ्यांचं तिकीट त्यात येतं का ते विचारून घ्या. इथे वाढलेल्या पोरांच्या आईबाबांना एक, मुलगा खेळतो म्हणून डिव्हिजन थ्रीच्या कोचचा फोन आला तर लगेच नाही म्हणू नका. खेळाची स्कॉलरशिप नसली तरी मार्कांवर आणि घरच्या उत्पन्नावर मदत मिळते. आतेबहिणीने असे दोन फोन 'छोटं कॉलेज आहे' म्हणून टाळले, तिसऱ्याला मी मध्ये पडलो.