दुर्मीळ आजार आणि व्यायाम: फिजिओथेरपीत नव्याने येणाऱ्यांसाठी

आपल्याकडे जळगाव-धुळ्यात फिजिओथेरपी म्हणजे गुडघे, कंबर आणि लकवा, असं समजून नवी मुलं येतात. मग एखाद्या दिवशी चोपड्याकडचा तिशीतला शेतकरी समोर येऊन बसतो. जिना चढताना मांडीवर हात टेकावा लागतो, फाईलमध्ये लिंब-गर्डल मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे कंबर-खांद्याभोवतीचे स्नायू हळूहळू कमकुवत करणारा आनुवंशिक आजार, असं लिहिलेलं असतं. गावाने त्याला दोन सल्ले दिलेले असतात: ‘जिम लाव, ताकद येईल’ आणि ‘आता हलूच नको’. दोन्ही त्याचं नुकसानच करतात.

आधी त्याचा दिवस ऐकून घ्या. खताच्या गोण्या कोण उचलतं, खाली बसल्यावर उठता येतं का, दुपारी पाठ टेकायला मिळते का. निम्मी ताकद शेतातच संपत असेल तर त्यावर आणखी व्यायाम चढवायचा नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते ती आठवड्याला १५० मिनिटं व्यायामाची गोष्ट पुढे कधीतरी येईल. सुरुवात पाच-सात मिनिटं सपाट रस्त्यावर, बोलता येईल इतक्या वेगाने चालून झाली तरी पुरे. उतार आणि जिना उतरणं मात्र मोजून. त्यात स्नायू ताण सोसत लांबत जातो आणि आधीच कमकुवत असलेले तंतू जास्त दुखावतात.

त्याही आधी ईसीजी आणि टूडी इको बघा, कारण काही डिस्ट्रॉफींमध्ये हृदयाचा स्नायूही कमकुवत होतो. ‘आडवं झाल्यावर दम लागतो का?’ हा प्रश्न पॉम्पे आजारात, म्हणजे श्वासाचे स्नायूही कमकुवत करणाऱ्या आनुवंशिक स्नायूविकारात, तर चुकवूच नका.

माझा सगळ्यात जास्त भरवसा दुसऱ्या दिवशीच्या सकाळवर आहे. ‘दुखतंय का?’ विचारलं की आपली माणसं ‘नाही ताई, बरं शे’ म्हणणार. म्हणून असं विचारा: खाटेवरून उठायला कालच्यापेक्षा वेळ लागला का? लघवी कोऱ्या चहासारखी झाली का? लघवीचा रंग असा बदलला तर ती स्नायू तुटल्याची खूण असू शकते, म्हणून व्यायाम बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. मॅकआर्डल आजाराची तऱ्हा वेगळी, त्यात स्नायूंना स्वतःत साठवलेली साखर वापरता येत नाही. तिथे पहिली आठ-दहा मिनिटं फार सावकाश काढावी लागतात, स्नायू आखडला तर थांबायचं. मग शरीर दुसरं इंधन वापरू लागतं आणि चाल सोपी होते. म्हणून एकाचा तक्ता दुसऱ्याला देऊ नये.

सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा वस्तीत सिकल सेल, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार, दुर्मीळ नाही, पण व्यायामाच्या बाबतीत तोही तितकाच दुर्लक्षित आहे. शरीरातलं पाणी कमी होणं आणि दमछाक, दोन्हींमुळे त्रास उफाळू शकतो. आपल्याकडे तर मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. म्हणून पहाटेची वेळ, सोबत पाणी, थोडं चालणं आणि थोडी विश्रांती. जांघेत दुखत असेल तर उठाबशा देण्याआधी खुब्याची तपासणी करून घ्या, तिथल्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो.

धडगाव-अक्कलकुव्याची कितीतरी माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात. त्या महिन्यांत त्यांना वेगळा व्यायाम लिहून देऊ नका. पाणी कधी प्यायचं, सावलीत कधी बसायचं, ताप आला किंवा छातीत दुखलं तर लगेच दवाखान्यात जायचं, एवढंच मोठ्या अक्षरांत, मुकादमालाही वाचता येईल असं लिहा.