कामगारांची मोफत कायदा बैठक: आधी तारीख विचारा

सांगलीत कामगारांसाठी मोफत कायदा सल्ल्याची बैठक चालवायला घेतली, तेव्हा वाटलं होतं वकील मिळाले की झालं. वकील मिळाले. रविवारी अकराला सतरंज्या अंथरल्या आणि चहा आम्हीच प्यायलो. बेदाण्याचा हंगाम, निवडायला जाणाऱ्या बायकांना रविवार कुठला? मग कुपवाड एमआयडीसीतली पाळी सुटल्यावर, संध्याकाळी बसायला लागलो. कारखान्याच्या गेटसमोर मात्र बसू नका. कोण येतंय ते मुकादम बघत असतो.

‘भेदभाव’ हा शब्द कुणी उच्चारत नाही. “मावशी, भेदभाव होतो का?” विचारलं की “न्हाई बाई.” “चहा कशात देतात?” विचारलं की मात्र सहज निघतं, “आमचा कप येगळा असतोय.” तसंच विचारा, शेजारच्या बाप्याला हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, किती? समान कामाला समान वेतन हे १९७६ पासून कायद्यात आहे. पण मालक “बाप्याचं काम जड” म्हणणारच. म्हणून दोघांनी दिवसभरात नेमकं काय केलं, ते तपशिलानं लिहून घ्या.

माझी मोठी चूक प्रश्न विचारण्यातच झाली. एक ताई सुपरवायझरच्या लगटीबद्दल सांगत होती. मी तासभर ऐकलं, तिला पाणी दिलं, आणि शेवटचा प्रकार कधी घडला हे विचारलंच नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार तक्रारीला शेवटच्या प्रकारापासून तीन महिने असतात. सबळ कारण असेल तर तक्रार ऐकणारी समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. पुढच्या बैठकीपर्यंत पहिले तीन उलटून गेले होते. मग तक्रारीआधी उशिराचं कारण मांडत बसावं लागलं. आता आमच्या वहीत नावाच्याही आधी तारखेचा रकाना आहे. आणि हो, दहापेक्षा कमी माणसं असतील तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.

कागदांचं म्हणाल तर हजेरीकार्ड, पासबुक, मुकादमाचे व्हॉट्सॲप निरोप, काहीही चालतं. फोटो काढा, मूळ कागद ठेवून घेऊ नका.

कोर्टात जायची वेळ आली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. फोन १५१००.

बैठकीत वकिलांना स्वतःची कार्डं वाटू देऊ नका. अशिलं गोळा करणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. हे पहिल्याच दिवशी सांगा, नंतर सांगताना फार अवघड होतं.