सुटा भाग बदलला, प्रमाणपत्र तेच? या चुका टाळा

सुरक्षा प्रमाणपत्र मिळालेल्या विजेच्या उपकरणातला एखादा सुटा भाग बाजारातून बंद झाला की खरेदी विभाग 'सेम रेटिंग'चा पर्याय शोधतो. सर्किट चालतं, माल निघतो. पण सुरक्षा चाचणीत नुसतं सर्किट चालतं का एवढंच पाहिलेलं नसतं. ते बिघडल्यावर कुणाला शॉक बसेल का, आग लागेल का, हे पाहिलेलं असतं. म्हणून चाचणीच्या अहवालातल्या क्रिटिकल कंपोनंट लिस्टमध्ये (सुरक्षेसाठी महत्त्वाच्या भागांच्या यादीत) प्रत्येक महत्त्वाच्या भागाचा उत्पादक आणि मॉडेल नोंदवलेलं असतं.

व्हॅल्यू जुळली, वर्ग पाहिला नाही

ही सगळ्यात धोकादायक चूक. मेन्सवर बसणाऱ्या कपॅसिटरचे एक्स आणि वाय असे सुरक्षा वर्ग असतात. एक्स कपॅसिटर लाइन आणि न्यूट्रलमध्ये बसतो. तो शॉर्ट झाला तर फ्यूज उडतो. वाय कपॅसिटर लाइन आणि अर्थ किंवा हात लागणाऱ्या भागांमध्ये असतो. तो शॉर्ट झाला तर बॉडीवर करंट येऊ शकतो. वायच्या जागी एक्स कधीच चालत नाही, व्हॅल्यू आणि व्होल्टेज अगदी तेच असले तरी.

आणि वर्ग बरोबर असला तरी व्हॅल्यू वाढवताना थांबा. ईएमआय चाचणीत (उपकरणातून बाहेर पडणाऱ्या विद्युत-चुंबकीय अडथळ्यांच्या तपासणीत) पास व्हावं म्हणून वाय कपॅसिटर २.२ वरून ४.७ नॅनोफॅरड केला, तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला गळती प्रवाह (अर्थकडे किंवा बॉडीकडे झिरपणारा करंट) साधारण ०.१६ वरून ०.३४ मिलिअँपिअरवर जातो. मर्यादा ०.२५ असेल तर एका चाचणीत पास होण्याच्या नादात दुसरी हातची गेली.

दोन अँपिअर म्हणजे दोन अँपिअर

फ्यूजच्या बाबतीत तसं नाही. यूएल २४८-१४ या अमेरिकी मानकाचा २ अँपिअरचा फ्यूज २.७ अँपिअरला तासाभरात उडायला हवा. आयईसी ६०१२७ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या काचेच्या, तेवढ्याच रेटिंगच्या अनेक फ्यूजनी मात्र ३ अँपिअरला तासभर टिकायचं असतं. आकडा तोच, पण ओव्हरलोडमध्ये ट्रान्सफॉर्मर किती तापेल हे पार बदलतं.

प्लॅस्टिकचंही असंच. व्ही-० हे आग न पसरू देण्याचं रेटिंग ठरावीक जाडीसाठी असतं. भिंत पातळ केली की ते गृहीत धरू नका.

हायपॉट पास, म्हणजे सगळं ठीक

हायपॉट चाचणीतून, म्हणजे जास्त व्होल्टेज लावून घेतलेल्या तपासणीतून, इन्सुलेशन आत्ता शाबूत आहे एवढंच कळतं. तापमानवाढ आणि एकेक भाग मुद्दाम बिघडवून घेतलेल्या चाचण्या त्यात येत नाहीत. ट्रान्सफॉर्मरची टेप किंवा बॉबिन (तार गुंडाळायचं रीळ) बदलल्यावर नेमक्या याच चाचण्या लागू शकतात.

बदललेला माल आधीच बनला असेल तर तो सीरियल नंबरनुसार वेगळा काढा आणि पाठवणं थांबवा. नव्या भागाचं स्वतःचं प्रमाणपत्र मागवा. त्यावरचं मॉडेल, कारखाना आणि अटी तपासा. मग जुन्या-नव्या डेटाशीटची तुलना प्रयोगशाळेला द्या. कोणत्या चाचण्या पुन्हा घ्यायच्या, की नुसती अहवालात दुरुस्ती पुरेल, हे तिथे ठरतं. पुढच्या वेळी ही तुलना खरेदीच्या ऑर्डरआधी प्रयोगशाळेकडे जाऊ द्या, आणि उत्तर येईपर्यंत पुरेल इतका जुना साठा राखून ठेवा.